हवासुपाई : उतरताना निळं, चढताना काळंनिळं

चिंचगूळ

गेल्या आठवड्यात ॲरिझोनाच्या धाग्यावर कोणीतरी हवासू फॉल्सचा फोटो टाकला आणि खाली "वॉव", "बकेट लिस्ट", "फिल्टर लावलाय का" असे पंचवीसेक प्रतिसाद पडले. मी तिथे घाईत "रंग खरा आहे पण चढ पण खरा आहे" एवढंच लिहून पळाले, तर तिघांनी विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) केली की नीट सविस्तर लिही. म्हणून हा धागा.

आधीच सांगते, ट्रिप जुनी आहे, एप्रिल २०१८ ची. आम्ही फीनिक्सजवळच्या चँडलरचे चौघं, म्हणजे मी, नवरा आणि आमचे शेजारी जोडपं, आणि आम्ही गाइडेड ग्रुपमधून गेलो होतो. परमिट, तंबू, जेवण सगळं कंपनीकडे, आमच्याकडे फक्त पाठीवरची सॅक आणि भरपूर उत्साह. तेव्हा नवऱ्याला ते पैसे जीवावर आले होते, "चालायचं आपणच ना, मग ह्यांना कशाचे द्यायचे" वगैरे. शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता त्याने ते शब्द परत घेतले, ते पुढे येईलच.

जागा कुठे आहे ते आधी. ग्रँड कॅन्यन म्हटलं की आपण साऊथ रिमवरून, म्हणजे दक्षिणेच्या कड्यावरून, जे बघतो ते हे नाही. हे तिथून पश्चिमेला, हवासुपाई जमातीच्या मालकीच्या जमिनीवर. त्यांच्या भाषेत नावाचा अर्थच निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं. रूट ६६ हा हायवे सोडून साधारण साठ मैल सरळ रस्ता आहे, त्यावर पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही, आणि पहाटे रस्त्यात गाई आणि हरणं आरामात उभी असतात. तो रस्ता एका कड्यावर जाऊन संपतोच. त्याला हुआलापाई हिलटॉप म्हणतात. तिथे गाडी लावायची आणि खाली उतरायचं. ८ मैलांवर सुपाई गाव, तिथून पुढे २ मैलांवर कॅम्पग्राउंड. म्हणजे एकूण १६ किमी. गावाला आजही गाडीरस्ता नाही. पायी, घोड्या-खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने, बस. टपालसुद्धा खेचरांवरून येतं!

आमची गाइड फ्लॅगस्टाफची एक उंच, शिडशिडीत बाई, वय असेल पस्तिसेक. हिलटॉपवर तिनं आमच्या सगळ्यांच्या सॅक हाताने उचलून बघितल्या, भाजीवाली जुडी उचलते तशा, आणि नवऱ्याची उचलून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. उघडायला लावली. आतून दोन जीन्स, एक हार्ड कव्हरचं पुस्तक आणि डिओडरंट निघालं. ते सगळं गाडीत परत गेलं. मग तिनं चिकटपट्टीचा रोल काढला आणि म्हणाली, पहिल्या मैलात कुणाच्या पायाला कुठेही गरम लागलं तर तिथल्या तिथे बोलायचं, फोड आल्यावर बोलून उपयोग नाही, लाजायचं तर बिलकुल नाही. शेजारीण बोलली, तिला पट्टी लावली. नवरा लाजला.

पहिला दीड मैल म्हणजे नुसती नागमोडी वळणं, जवळजवळ हजार फूट उतार. ते उतरताना भारी वाटतं, वारा, समोर लाल भिंती, गप्पा. मग तळाला पोचलं की सुका ओढा लागतो आणि त्या ओढ्यातून, भरड वाळू आणि गोट्यांतून पुढचे सहा-साडेसहा मैल. पाय एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतो. दोन्हीकडे कातळ, सावली असेल तर असेल, आणि पाण्याचा थेंब नाही. वाटेत गावापर्यंत पाणी कुठेच मिळत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

अधूनमधून मागून खुरांचा आवाज यायचा. खेचरांचा तांडा, सामान लादलेला, मागे घोड्यावर गावातला एखादा पोरगा, आणि हा तांडा कुणासाठी थांबत नाही. गाइडनं आधीच बजावलं होतं की आवाज आला की कातळाला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला अजिबात नाही, कारण लादलेल्या गोणीचा धक्का लागला की आपण खाली. फोटो काढायच्या नादात एकजण बाहेरच्या बाजूला उभा राहिला होता, त्याला तिनं दंडाला धरून ओढला. सॉरी वगैरे काही नाही, सरळ ओढला.

बाकीचं रात्री लिहिते, मुलीचा क्लास आहे. क्रमशः

बे_एरियाची_बायजा

अगं क्रमशः काय, धबधबा यायच्या आधीच थांबलीस! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आणि फोटो कुठायत?

सह्यवेडा

छान लिहिताय. पण खरं सांगू का, १६ किमी आणि दोन-अडीच हजार फूट म्हणजे फार काही नाही. आम्ही पावसाळ्यात त्याच्याहून जास्त करतो एका दिवसात, वर डोक्यावर पाऊस आणि पायाखाली निसरडं. ह्या अमेरिकन लोकांना गाइड, खेचर, तंबू लावून द्यायला माणूस, मग ट्रेक कसला? हलके घ्या :)

खडूस_काका

सह्यवेडा, हलकेच घेतलंय, पण एक सांगतो. मी साताऱ्याचा, अजिंक्यतारा रोज शाळा सुटल्यावर चढायचो, आणि इकडे फीनिक्समध्ये आता बत्तीस वर्षं झाली. सह्याद्रीत आपण आधी चढतो. दम लागला, पाणी संपलं, पाय दुखला तर काय करतो? मागे फिरतो, खाली उतरतो, खाली गाव असतं, चहा मिळतो. कॅन्यनमध्ये हेच सगळं उलटं आहे. आधी उतार, मजा, आणि दमल्यावर चढ. खाली जाणं तुमच्या मर्जीवर आहे, वर येणं नाही. आणि चढाचा सगळ्यात वाईट तुकडा अगदी शेवटी, तोही उन्हात. हा उलटा ट्रेक ज्याच्या डोक्यात शिरत नाही तो तिथे अडकतो, मग तो कितीही गडकिल्ले करून आलेला असो.

दुसरं, कोरडी हवा. आपल्याकडे घाम निथळतो म्हणून कळतं की पाणी जातंय. इथे घाम अंगावर दिसतच नाही, लगेच सुकतो. शर्टवर पांढरे मिठाचे नकाशे उमटलेले दिसले की समजायचं.

सह्यवेडा

काका, मुद्दा पटला. उलटा ट्रेक हा शब्द ढापतोय. आमच्याकडे सांदण दरी साधारण अशीच, साम्रदवरून आधी उतरायचं. तिथे पण पावसाळ्यात शिरायचं नाही हे किती वेळा सांगितलं तरी लोक शिरतात.

चिंचगूळ

आले परत. काकांनी माझा अर्धा लेख आधीच लिहून टाकला :)

तर सुपाई गाव. साधारण दोनशे माणसं राहतात. शाळा, छोटं दुकान, कॅफे, चर्च, पोस्ट. धुळीचे रस्ते, कुंपणात घोडे, मोकाट कुत्री जी तुमच्यामागे कॅम्पपर्यंत येतात आणि नेमकं जेवायच्या वेळी शेजारी बसतात. गावावर दोन लाल दगडी सुळके उभे आहेत, विग्लीवा म्हणतात त्यांना, ते गावाचे राखणदार, ते पडले तर गावाचं काही खरं नाही अशी तिथली समजूत. आपल्याकडे वेशीवर म्हसोबा असतो ना, मला तेच आठवलं.

गाइडनं गावात शिरण्याआधी कॅमेरे सॅकमध्ये टाकायला लावले. म्हणाली, माणसांचे, घरांचे, मुलांचे फोटो काढायचे नाहीत, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज शेकडो लोक येऊन तुमच्या गॅलरीचे फोटो काढायला लागले तर? एकजण कुरकुरला. मला मात्र ते एकदम पटलं. आपण धबधबा बघायला आलोय असं आपल्याला वाटत असतं, त्यांच्या दृष्टीने आपण त्यांच्या अंगणातून चाललोय. दारू पूर्ण बंद, ड्रोन बंद. कॅफेत फ्राय ब्रेड खाल्ला, म्हणजे आपला भटुराच, थोडा जाड, त्यावर राजमा आणि चीज. सोळा किमीतले तेरा झाल्यावर तो काय लागला म्हणून सांगू.

गावाच्या जरा वर झऱ्यांतून ते निळं पाणी उगम पावतं. गाव सोडलं की ओढा शेजारून वाहायला लागतो आणि तुम्ही येडे होता. ते सकाळपासूनचं तांबडं, करडं, खाकी बघून डोळे वाळलेले असतात आणि अचानक हे. रंगाबद्दल मी लिहिणार नाही, मला जमत नाही. लहानपणी शाईची दौत सिंकमध्ये सांडली की नळाच्या पाण्यात जो पहिला पातळ रंग पसरतो, थोडासा त्यासारखा, पण त्यात दूध घातलेलं.

हवासू फॉल्स साधारण शंभर फूट, कॅम्पग्राउंडच्या तोंडाशीच. आम्ही बूट काढून सरळ पाण्यात. पाणी वर्षभर २१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे एप्रिलमध्ये आधी हुडहुडी आणि मग मस्त.

कॅम्पग्राउंड म्हणजे ओढ्याच्या दोन्ही काठांनी लांबलचक झाडीची पट्टी, पाहिजे तिथे तंबू लावा. प्यायचं पाणी फर्न स्प्रिंग नावाच्या झऱ्याचं, तिथे रांग. गाइडनं मात्र ओढ्यालगतची सगळ्यात सुंदर जागा सोडून आम्हाला जरा वरच्या अंगाला बसवलं आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना एका वाटेने कातळाच्या पायरीवर चढवून आणलं. म्हणाली, रात्री मी ओरडले तर बूट घालायचे आणि इथे यायचं, सॅक नाही, फोन नाही, फक्त बूट. आकाशात ढग नव्हता. नवरा म्हणाला, उगाच नाटकं. त्याच वर्षी ११ जुलैला तिथे रात्रीचा पूर आला आणि दोनशेच्या आसपास पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. ती बातमी मी टीव्हीवर बघितली आणि नवऱ्याला आवाज वाढवून ऐकवली.

एक अवांतर: खारी. ह्या खारी म्हणजे आपल्या रामाच्या खारी नव्हेत, दरोडेखोर आहेत. शेजाऱ्याने सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की ठेवली होती. चेन उघडायचे कष्ट न घेता खारीने कापडच कुरतडून आरपार भोक पाडलं, चिक्की नेली आणि वेष्टण तेवढं जागेवर ठेवलं. खायचं सगळं झाकणाच्या बादलीत, बादली दोरीने टांगून.

नवी_चप्पल

काय सुंदर चाललंय! आम्ही डॅलसहून जायचा विचार करतोय, मुलं ७ आणि १०. ताई, तुमच्यासारखा गाइडेड ग्रुप मिळाला तर बरं होईल. कंपनीचं नाव सांगाल का विपूत?

चिंचगूळ

नाव सांगून उपयोग नाही गं. २०१९ मध्ये जमातीनं बाहेरच्या टूर कंपन्यांना परमिट देणंच बंद केलं, आमच्यानंतर वर्षभरात. परमिट आता जमातीच्या स्वतःच्या साइटवरून, तेही तीन रात्रींचंच, माणशी चारशे-साडेचारशे डॉलर, आणि परत मिळत नाहीत. एका दिवसात जाऊन येणं चालत नाही. त्यामुळे कुणी "आम्ही परमिटसकट नेतो" म्हणून पैसे मागितले तर आधी जमातीच्या साइटवर जाऊन खात्री कर.

ताकपिठं

ह्याला +१. आमच्या ओळखीतल्या एकांनी कोणाकडून तरी असंच परस्पर परमिट घेतलं, नाव दुसऱ्याचं, आणि तिथे आयडी बघतात! सहा तास गाडी चालवून गेले आणि परत आले. वर "हेलिकॉप्टरची सीट गॅरंटीड" असंही सांगितलं होतं त्या महाभागाने. हेलिकॉप्टरला बुकिंग नसतं, जो आधी येईल तो, आणि गावातली माणसं, त्यांचं सामान सगळ्यात आधी. ते बरोबरच आहे म्हणा, त्यांची ती एसटी आहे.

रसायनी_मास्तर

रंगाबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून माझं दुकान उघडतो. घरी बोअरच्या पाण्याने अंघोळ करणाऱ्यांनी बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर बघितला असेल. तेच इथे चाललंय, फक्त दरीएवढ्या मापात. पावसाचं, बर्फाचं पाणी वरच्या पठारात मुरतं, चुनखडीच्या थरांतून फार फार काळ झिरपत खाली येतं आणि येताना कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून आणतं. झऱ्यातून बाहेर पडलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मग चुना पाण्यात धरून राहत नाही, बाहेर पडायला लागतो. जिथे पाणी आपटतं, फेसाळतं, तिथे वायू जास्त उडतो म्हणून थर जास्त बसतो. धबधब्यांखाली ज्या गोल गोल बांध घातल्यासारख्या कडा दिसतात त्या ह्याच, ट्रॅव्हर्टाइनच्या. त्यात एखादी काठी, पान पडलं तरी त्याच्यावर लेप चढतो. आणि पाण्यात तरंगणारे ते बारीक कण व तळाचा पांढरा लेप, ह्या दोन्हींमुळे प्रकाश विखुरून तो दुधी निळा दिसतो. पूर आला की आठवडाभर सगळं चहासारखं लाल, मग हळूहळू परत निळं.

खडूस_काका

मास्तर, मस्त. पुढे माझी पुस्ती: म्हणून तिथला भूगोल स्थिर नसतो. मी पहिल्यांदा गेलो ते १९९६ साली, तेव्हा गाव आणि हवासू फॉल्सच्या मध्ये नवाहो फॉल्स होता. २००८ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, ओढ्याने पात्रच बदललं, नवाहो फॉल्स जागच्या जागी कोरडा पडला आणि बाजूला नवीन दोन धबधबे तयार झाले. माझ्याकडे त्या जुन्या धबधब्यासमोर हिचा फोटो आहे. आता धबधबा पण नाही आणि ही पण नाही.

बे_एरियाची_बायजा

काका...

खडूस_काका

अगं असू दे. फोटो छान आलाय. हातात गोगलगाय धरल्यासारखा ओला मोजा धरलाय तिनं.

मृदगंध_८

इतिहासाबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. ही जमात फक्त दरीत राहणारी नव्हती. उन्हाळ्यात दरीत शेती, मका, भोपळे, पीच, आणि हिवाळ्यात वर पठारावर शिकार. १८८२ साली सरकारने त्यांना दरीतले ५१८ एकर आखून दिले आणि बाकीची जमीन काढून घेतली. म्हणजे वर्षातला अर्धा संसारच बेकायदा झाला की. पुढे १९१९ ला नॅशनल पार्क झालं. ग्रँड कॅन्यनमधला ब्राइट एंजल ट्रेल केलेल्यांना वाटेतली ती झाडीची विश्रांतीची जागा आठवत असेल, तिथेही हवासुपाई राहायचे, शेवटच्या कुटुंबप्रमुखाला १९२८ मध्ये पार्कने घालवलं. त्या जागेचं नाव २०२२ मध्ये बदलून हवासुपाई गार्डन्स केलं. आणि १९७५ च्या कायद्याने जवळजवळ १ लाख ८५ हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली. ९३ वर्षं भांडत होते.

त्यामुळे तीन रात्रींचे चारशे डॉलर फार झाले म्हणून जे गळे काढतात त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

सह्यवेडा

धरणग्रस्तांची गावं आठवली वाचताना. आमच्या मुळशीत विचारा.

चिंचगूळताई, मूनी फॉल्सबद्दल लिहा ना, त्या साखळ्यांचे व्हिडिओ बघितलेत.

चिंचगूळ

हो तेच लिहायला बसलेय.

मूनी फॉल्स कॅम्पग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला, उंची जवळपास दोनशे फूट, हवासूच्या दुप्पट. नाव एका खाणकामगाराचं, १८८० च्या सुमारास तो दोरीवरून उतरताना तिथे पडून मेला. वरून बघितलं की पोटात खड्डा पडतो आणि मग गाइड म्हणते, चला, खाली. कुठून? तर कातळात एक बीळ. ते बीळ म्हणजे बोगदा, वाकून शिरायचं, मग दुसरा बोगदा, आणि त्यातून बाहेर आलं की सरळ कडा. कड्यात ठोकलेल्या पहारी, त्यांना बांधलेल्या साखळ्या, खोदलेल्या खोबण्या, आणि शेवटी लाकडी शिड्या. धबधब्याचे तुषार थेट अंगावर, त्यामुळे प्रत्येक गोष्ट ओली. साखळी गार, लाल चिखलाने बुळबुळीत, हातमोज्यांतून सुद्धा गारवा जाणवतो. शिडीच्या पायऱ्या काही ठिकाणी बांधलेल्या, काही हलणाऱ्या. हरिहरच्या पायऱ्या केल्यात मी कॉलेजात, पण त्या कोरड्या होत्या आणि मी बावीसची होते.

गाइड पुढे, पाठ दरीकडे करून, एका वेळी एकच माणूस, आणि ती फक्त दोनच वाक्यं बोलत होती, "डावा पाय खाली" आणि "साखळी सोडू नकोस". मधल्या एका खोबणीपाशी माझा पाय पोचेना. मी म्हटलं नाही जमत, परत वर जाते. तिनं माझी टाच तळहातावर घेतली आणि खोबणीत ठेवली. तोळामासा वजन असल्यासारखी. नंतर शेजारीण म्हणाली, तू मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होतीस. मला तर म्हटलेली आठवत नाही.

खाली उतरून पुढे तीन-चार मैलांवर बीव्हर फॉल्स. रस्ता ओढ्यातून आर-पार, पाणी कधी गुडघा कधी कंबर, मधेच मैदानभर जंगली द्राक्षाचे वेल. बीव्हर म्हणजे एकच धबधबा नाही, पायऱ्या पायऱ्यांची कुंडं. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर तेच. तिथे बसून गाइडनं केलेला टॉर्टिया-बीन्स खाल्ला, मी मेतकूट काढलं, तिला भुरभुरून दिलं, तिनं विचार करून विचार करून खाल्लं आणि म्हणाली, ह्याला भाजलेल्या मातीचा वास आहे, म्हणजे चांगला. तिथून आणखी खाली कोलोरॅडो नदीपर्यंत जाता येतं, कॅम्पपासून आठेक मैल एका बाजूला, आम्ही नाही गेलो.

आता तो शेवटचा दिवस. पहाटे साडेचारला डोक्यावर दिवे लावून निघालो. गाव झोपलेलं, कुत्री फक्त निरोपाला. ओढ्यातली सहा मैलांची वाळू सकाळच्या गारव्यात बरी गेली आणि सगळ्यांना वाटलं झालं की. नऊच्या सुमारास तळाला पोचलो, वर बघितलं तर हिलटॉपवरच्या गाड्यांच्या काचा चमकताना दिसत होत्या. ते सगळ्यात वाईट. जवळ दिसतं.

नवऱ्याच्या पायाला तोपर्यंत दोन फोड फुटलेले, लाजेचे. चौथ्या की पाचव्या वळणावर त्याच्या पोटरीत गोळा आला, तो बसला, उठेना, मग गप्प झाला, आणि माझा नवरा गप्प झाला की मला काळजी वाटते. चेहरा पांढरा. पाणी भरपूर प्यायला होता पण नुसतं पाणी, मीठ काहीच नाही. गाइडनं त्याला कातळाच्या वीतभर सावलीत बसवलं, टोपी भिजवून डोक्यावर ठेवली, आणि विचारलं खारट काय आहे. चिप्स संपलेले. माझ्या सॅकच्या तळाशी विमानात मिळालेलं लिंबाच्या लोणच्याचं पाकीट निघालं. ते त्याने नुसतं चाटून संपवलं. अर्धा तास हलू दिलं नाही तिनं. वर ऊन चढत होतं, बाकीचे चुळबुळ करत होते, तिनं त्यांना दुसऱ्या गाइडबरोबर पुढे पाठवून दिलं. मग त्याची सॅक स्वतःच्या पोटाशी उलटी अडकवली, पाठीवर स्वतःची होतीच, आणि चल म्हणाली, वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा. साडेनऊ वाजता त्याने ते पैशांचे शब्द परत घेतले. वर पोचायला पावणेबारा झाले. पायाच्या अंगठ्याची दोन्ही नखं काळीनिळी होऊन महिन्याभराने गळली, ती त्याने मला दाखवायला डबीत जपून ठेवली होती, ती मी टाकून दिली.

नवी_चप्पल

बापरे. आता मला भीतीच वाटायला लागली. मुलांना नेऊ का नको?

खडूस_काका

मी तर म्हणेन सात वर्षांच्याला नको. चालेल तो, पोरं चालतात, पण मूनीच्या साखळीवर दोन खोबण्यांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या पायाचं आहे. आणि खाली काही झालं तर दवाखान्यात पोचायचा रस्ता आकाशातून.

ताकपिठं

मी थोडी असहमत. आमची मुलं ९ आणि १२ होती, २०२३ मध्ये, कोविडनंतर परत सुरू झाल्यावर लगेच गेलो. मूनी नाही उतरलो, मुलांनी तीन दिवस हवासू आणि वरच्या छोट्या धबधब्यांत दंगा केला, खूश होती. सामान खेचरावर पाठवलं, वजनाची मर्यादा असते, एका गोणीला ३२ पौंड. आधी सहा महिने दर शनिवारी फीनिक्सच्या साउथ माउंटन डोंगरावर सराव, सॅक भरून. म्हणजे येते वेळी कोण कधी कुरकुर करतं, ते आधीच कळतं.

सह्यवेडा

खेचरांचं काय, हाल करतात असं वाचलं होतं?

चिंचगूळ

आमच्या वेळी त्यावरून ओरड झालीच होती, एकावर २०१६ मध्ये गुन्हाही दाखल झाला होता. आमची गाइड सामान लादायच्या आधी खोगिराखाली हात घालून पाठ चाचपायची, जखम असली की ते जनावर नको म्हणून सांगायची. तुम्हीही बघा, बघायला कोणी अडवत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतःचं ओझं स्वतः, पण मग हार्ड कव्हरचं पुस्तक नको.

नवी_चप्पल, घाबरू नकोस. महिना निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. जून ते ऑगस्ट नकोच, एक तर ऊन आणि त्यात जुलैपासून इकडचा मान्सून. तुझ्या डोक्यावर निरभ्र असतं आणि पठारावर कितीतरी मैल लांब ढगफुटी होते, ते सगळं पाणी ह्याच दरीत येतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये असंच झालं, एक हायकर बाई वाहून गेली, शंभराहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरने वर आणलं. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बघ. गाइड नसला तरी ती जे करायची ते तुम्ही करू शकता: तंबू वरच्या अंगाला, चढून जायची वाट उजेडात बघून ठेवायची, पायाला गरम लागलं की तिथेच थांबायचं, खारट भरपूर न्यायचं. आणि तुमच्यापैकी एकाने आधीच ठरवून ठेवायचं की "आज मूनी नाही" हे वाक्य कोण म्हणणार. आमच्याकडे ते ती म्हणायची म्हणून भांडणं झाली नाहीत.

बे_एरियाची_बायजा

पाणी गाळून प्यायचं का? कुठेतरी वाचलं की लोक आजारी पडले.

ताकपिठं

२०२४ च्या जूनमध्ये पडले होते बरेच, उलट्या-जुलाब, चढायला त्राण नाही म्हणून हेलिकॉप्टरच्या रांगेत. झऱ्याचं पाणी असलं तरी फिल्टर करा, आणि संडासाहून आल्यावर साबणाने हात, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. ओआरएसची पाकिटं भारतातून येताना आणतो आम्ही, पावशेर तरी.

मृदगंध_८

वाखूसा (वाचनखूण साठवली). चिंचगूळ, पोस्टाचं सांगितलं नाहीस, खेचरावरून टपाल म्हणालीस ते.

चिंचगूळ

अगं हो! सुपाईच्या पोस्टातून पत्र टाकलं की त्यावर खेचरांच्या तांड्याचा खास शिक्का मारून देतात. मी कराडला आजोबांना पोस्टकार्ड टाकलं होतं, "इथे अजून जनावरावरून डाक जाते" एवढंच लिहिलं होतं. सहा आठवड्यांनी पोचलं. आजोबा पोस्टात बाबू होते छत्तीस वर्षं. त्यांनी भिंग घेऊन शिक्का बघितला आणि आईला फोनवर म्हणाले, मजकूर ठीक आहे पण शिक्का तिकिटाच्या बाहेर गेलाय, आमच्या साहेबाने मेमो दिला असता.

फोटो उद्या टाकते, जुन्या लॅपटॉपवर आहेत, चार्जर शोधावा लागेल.